ओ थोरलीनेच द्यायची

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मला 'वायफायवाल्या काकू' म्हणतात. कोणाच्या राऊटरवर लाल दिवा लागला, कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाची मालिका ऐन लग्नाच्या मांडवात अडकली, की बेल माझ्या दाराची वाजते. परवा तर तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू चक्क मिक्सर घेऊन आल्या. म्हणाल्या, "अगं, शेवटी वायरचंच तर आहे ना सगळं!" मी मिक्सर उलटा केला, आत अडकलेला सुपारीचा तुकडा काढला, आणि तो चालू झाला. काकूंनी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं की वैजयंती कॉम्प्युटरमधली मोठी इंजिनीअर आहे.

तेव्हा नेमकं मी काय करायचे ते एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे मिक्सर तरी थांबतील.

मी सर्व्हर सांभाळायचे. तुम्ही फोनवर एखादी वेबसाइट उघडता ना, तेव्हा कुठेतरी एका खोलीत एक मशीन जागं बसलेलं असतं आणि ते तुम्हाला पान वाढतं. तेच सर्व्हर. आमची खोली मरोळच्या औद्योगिक वसाहतीत होती, एका गाळ्यात. एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा, दुसऱ्या बाजूला मसाले कुटणारा. उन्हाळ्यात आमच्या एसीतून गरम मसाल्याचा वास यायचा. छोट्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट आमच्याकडे राहायला असत.

गाळ्याचे मालक परबसाहेब. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत. साहेबांनी स्वतः वीस वर्षं याच गाळ्यात लोखंड कातायची लेथ चालवली. लेथचं काम आटलं तेव्हा पुतण्याच्या नादाने सर्व्हर आणले. पुतण्या वर्षभरात परदेशी गेला आणि साहेब त्या मशीनांसकट माझ्या गळ्यात पडले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मशीन या जातीविषयी त्यांची मतं पक्की होती. पहिलं, मशीनशी बोलावं. दुसरं, मशीनवर जे काम केलं ते त्याच दिवशी वहीत लिहावं, सोप्या मराठीत. आणि तिसरं, खंडेनवमीला मशीन बंद.

ही तिसरी गोष्ट मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळली. खंडेनवमीच्या सकाळी मी ऑफिसात पोचते तर साहेब सोवळं नेसून, हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभे, आणि सगळी मशीनं बंद! गाळ्यात स्मशानशांतता. मी किंचाळलेच. "साहेब, लोकांच्या साइट बंद पडल्या!"

"पडूंदेत. माझ्या लेथाक वर्षाची एक रजा होती. ह्येंका नको? अगो, माणूस जेवूक तरी बसता. मशीनान कधी बसूचा?"

फोन वाजत होते. घाटकोपरचे एक साडीवाले शहाभाई तर रिक्षा करून गाळ्यावर आले. "मॅडम, सणाच्या दिवशी माझा दुकान बंद? वाट लावली तुमी माझी!" साहेबांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात प्रसाद ठेवला आणि परत पाठवलं. तो माणूस गेला म्हणजे गेलाच समजत होते मी, पण तो प्रसाद खाऊन खूश झाला. मीच तेवढी दिवसभर शिव्या खात बसले.

तर आमच्याकडे लोड बॅलन्सिंग आलं ते या खंडेनवमीमुळे. बाकीचं जग ते गर्दी आवरायला वापरतं. मी ते मशीनांना रजा मिळावी म्हणून शिकले.

लोड बॅलन्सिंग म्हणजे काय? एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरात चार वहिनी आहेत. पाहुणा दारात येऊन हाक मारतो, "वहिनी!" चौघीही वहिनीच, पण ओ द्यायची ती थोरलीने. थोरली पाहुण्याला बसवते आणि आत बघून ठरवते, चहा कोण टाकेल, कांदा कोण चिरेल. जिचे हात रिकामे तिला काम. मग जिने चहा केला तीच तो थेट पाहुण्यासमोर नेऊन ठेवते, परत थोरलीच्या हातून जायचं कारण नाही. पाहुण्याला वाटतं, वहिनी काय झटपट आहेत! एखादी आजारी पडली, माहेरी गेली, तरी घर चालू.

आमच्या चार मशीनांची नावंही मी तशीच ठेवली: थोरली, मधली, धाकटी आणि पुढे चौथी घेतली ती नवी. साहेबांना ही भाषा बरोब्बर समजली. खंडेनवमीला आता मधली एक तास बंद, मग धाकटी, मग नवी. प्रत्येकीला पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. "थोरल्येक कधी रजा?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "घरातल्या थोरलीला कधी असते?" ते हसले आणि तिला दोन फुलं वाहिली. शहाभाईंना त्यांचं मशीन कोणतं ते हवं होतं, स्वस्तिक काढायला. तुमची साइट तिघींकडे आहे म्हटल्यावर त्यांनी तीन स्वस्तिकं काढली आणि तीन पेढे ठेवले. तिन्ही पेढे मी खाल्ले.

आता यातली खरी ग्यानबाची मेख. थोरलीच्या हाताखाली नवीन मशीन जोडताना नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, 'तुझंही नाव वहिनी आहे.' हे नाही सांगितलं तर ती थोरलीने पाठवलेलं काम घेतच नाही, म्हणते मी कुठे वहिनी? आणि दुसरी, 'पण दारातून हाक आली तर ओ द्यायची नाही.' ही दुसरी विसरलात की मेलात. चौघी एकदम ओ देतात आणि पाहुणा जिचा आवाज आधी ऐकेल तिच्याच मागे लागतो. या दोन्ही गोष्टी मशीनला नुसत्या सांगून भागत नाही, फाइलमध्ये लिहून ठेवाव्या लागतात. तोंडी सांगितलेलं मशीन बंद होऊन चालू झालं की पार विसरतं.

इतकं मला माहीत होतं. दुसऱ्यांना मी ते शिकवायचेसुद्धा. नवी जोडली त्या दिवशी भाच्याचं साखरपुड्याचं जेवण होतं आणि मला बोरीवलीला पोचायचं होतं. पहिली गोष्ट फाइलमध्ये लिहिली. दुसरी नुसती सांगितली, उद्या लिहू म्हटलं, आणि पर्स उचलून पळाले. तो उद्या काही उजाडला नाही.

त्या साखरपुड्यातच मला सुलभाताई भेटल्या. भाच्याच्या सासूची बहीण. बोरीवलीत त्यांचं महिला मंडळ, शंभरेक बायका. बहुतेक कोकणातल्या, ज्यांच्या आयांनी गिरणीच्या संपानंतर पोळ्या लाटून घरं चालवली त्यांच्या मुली. दिवाळीचा फराळ करून परदेशातल्या पोराबाळांना पाठवायचा, हे त्यांचं वर्षाचं मुख्य काम. ऑर्डरी फोनवर घ्यायच्या, चिठ्ठ्यांवर लिहायच्या. आदल्या वर्षी चिठ्ठ्या हरवल्या, करंज्यांच्या जागी चकल्या गेल्या, कोणाचा डबा भाऊबीज झाल्यावर पोचला. मी बासुंदी खाता खाता म्हटलं, "ताई, वेबसाइट करा. सगळं आपोआप."

"लोक एकदम आले तर?"

"येऊ दे की! माझ्याकडे चौघी बसल्यात."

त्यांच्या बायकांना ते पटत नव्हतं. ताईंनी सगळ्यांशी भांडून फोन बंद केले. या वर्षी बुकिंग फक्त वेबसाइटवर, दसऱ्याला सकाळी साडेदहाच्या मुहूर्तावर उघडणार, असं जाहीर केलं. मला म्हणाल्या, "वैजयंती, तुझ्या शब्दावर उडी मारतेय हां. फसलं तर या बायका पुन्हा माझं ऐकणार नाहीत. आणि बरोबरच आहे त्यांचं." मी छाती ठोकून सांगितलं, "बिनधास्त!"

खंडेनवमी झाली. साहेबांनी तिघींना क्रमाने झोपवलं, उठवलं. मी प्रत्येक वेळी तपासलं, सगळं झकास. नवी उठली तेव्हा आपण ओ द्यायची नाही हे ती विसरली होती. पण ते दिसलं नाही. कारण गाळ्याच्या दारातला राऊटर, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आत आणणारा डबा, एकदा थोरलीची ओ ऐकली की ती लक्षात ठेवतो, पुन्हा हाक मारत बसत नाही. त्याने हाकच मारली नाही, तर नवी ओ कशाला देईल?

दसऱ्याच्या सकाळी सुलभाताई बोरीवलीहून मरोळला आल्या. नवी साडी, पिशवीत आपट्याची पानं आणि डबाभर चकल्या. "माझ्या डोळ्यांनी बघायचंय," म्हणाल्या. मी त्यांना थोरलीच्या पडद्यासमोर खुर्ची दिली. मंडळाच्या साइटवर दर मिनिटाला किती माणसं आली ते तिथे दिसतं.

साडेदहाला दहा मिनिटं असताना साहेब शिडीवर चढून दाराला झेंडूचं तोरण लावत होते. दिव्यांची माळही आणली होती. तिला मोकळं सॉकेट चटकन दिसेना. मग त्यांनी एक प्लग काढला, माळ लावून बघितली, ती मग दिसलेल्या दुसऱ्या मोकळ्या सॉकेटवर हलवली आणि काढलेला होता तो परत जागच्या जागी घातला. एवढंच. तो प्लग राऊटरचा होता. राऊटर बंद होऊन चालू झाला, आठवणीतलं सगळं पुसलं गेलं, आणि त्याने नव्याने हाक मारली, "वहिनी कोण?"

नवीने ओ दिली. तरणीताठी, चपळ. थोरलीच्या आधी!

हे सगळं मी आता सांगतेय. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. साडेदहा वाजले. पडद्यावर आकडा शून्य. दहा पस्तीसला शून्य. खाली मधली हिरवी, धाकटी हिरवी, नवीही हिरवी. कुठे तक्रार नाही, बिघाड नाही, आणि एकही माणूस नाही.

सुलभाताई पडद्याकडे बघत होत्या. आधी हसऱ्या, मग नुसत्या. हळूच म्हणाल्या, "कोणी आलंच नाही का गं?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बायका म्हणत होत्या. फोनवर आमचा आवाज ऐकून लोक घेतात. आवाजच काढून घेतला मी." त्यांचे डोळे भरून आले. एवढी खमकी बाई, शंभर जणींना एका शब्दात गप्प करणारी! मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ चकलीचा डबा उघडला आणि एक त्यांच्या हातात दिली. दुसरं काही सुचेचना.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. कॅनडातली भाची. "मावशी, तुझी साइट नुसती गोल गोल फिरतेय! आमच्या ग्रुपवर सगळे ओरडतायत!"

मी ताडकन उठले. म्हणजे लोक येतायत! मग थोरलीला का दिसत नाहीत? आणि तेव्हा माझं लक्ष नवीकडे गेलं. थोरली सारखी तिघींना विचारत असते, बरी आहेस ना? मधली, धाकटी झटक्यात उत्तर देत होत्या. नवी दहा-दहा सेकंद लावत होती. काम शून्य आणि हिला दम लागलाय? कशाने?

"आई गं!" मी कपाळावर हात मारला. "ओ दिली मेलीने!"

"कोणी?" सुलभाताई घाबरल्या.

"नवीने! ताई, सगळे पाहुणे थेट तिच्याच स्वयंपाकघरात घुसलेत. मधली, धाकटी बसल्यात माश्या मारत."

"म्हणजे लोक आलेत ना?"

"तुडुंब आलेत!"

"मग रडायचं काय त्यात? कामाला लाग की!" डोळे पुसून ताईंनी पदर खोचला. मला खरंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब शिडीवरून उतरले. "तो प्लग काढलंय, तेनां झाला? परत काढू?"

"हात लावू नका कशालाही!" मी मालकावर ओरडले. कारण नवी जागी असताना राऊटरने पुन्हा हाक मारली असती, तर पुन्हा तिनेच ओ दिली असती. नवीला बंद करावं, तर जे कोणी आत शिरून नाव, पत्ता, किती लाडू, किती शेव असं अर्धं लिहून बसलेत, त्यांचं सगळं जाणार. ती माणसं परत येतील कशाला? एकच रस्ता होता: तिला कानात सांगायचं, गप्प बस.

पण ती ऐकायच्या अवस्थेत नव्हती. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटायला अर्धं मिनिट. शेवटी मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि न बघता टाइप केलं, एकेक अक्षर तोंडाने म्हणत, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं. मागे सुलभाताई रामरक्षा पुटपुटत होत्या. साहेब नवीला सांगत होते, "ऐक गो बाये, ऐक. शाणी मां तू?" मसालेवाल्याकडचे दोघे दारात येऊन उभे राहिले. नाटक फुकट बघायला मिळालं तर कोण सोडतो?

एंटर दाबलं. काही नाही. मग सावकाश, एकेक करत, माझी सगळी अक्षरं उमटली. एकही चूक नव्हती. नवी गप्प झाली. लगेच थोरलीकडे वळून मी तिला आज्ञा दिली की राऊटरला ओरडून सांग, वहिनी मी आहे. तसं सांगता येतं, तो ऐकतो.

पडद्यावरचा शून्य हलला. चार. एकोणीस. मग इतक्या वेगाने चढायला लागला की ताई वाचायच्याच थांबल्या. तिघींकडे सारखं काम जायला लागलं, नवीचा दम खाली बसला. कॅनडाची भाची ओरडली, "झाली! माझी ऑर्डर गेली!" साहेबांनी नारळ फोडला, तो मसालेवाल्याच्या पायावर उडाला. सगळा गोंधळ वीस मिनिटांचा. संध्याकाळपर्यंत मंडळाला पेलेल इतकं बुकिंग झालं आणि ताईंना साइट स्वतःहून बंद करायला लागली.

पण त्याआधी, नारळ वाटून झाल्यावर, ताईंनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "आता सांगा. चूक कोणाची होती?"

मी तोंड उघडलं. ओळ मी लिहिली नव्हती. प्लग निघणं हे निमित्त. माझी ओळ असती तर दहा वेळा प्लग काढला असता तरी काही बिघडलं नसतं. शब्द माझा होता, उडी त्यांनी माझ्या भरवशावर मारली होती. हे सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "चूक माझी. प्लग मी काढलंय."

आणि मी तोंड मिटलं.

ताईंनी साहेबांना असं काही झापलं की विचारू नका. "एवढे वयाने मोठे, आणि माळा कसल्या लावता?" साहेब मान खाली घालून ऐकत होते. पुढे वर्षानुवर्षं मंडळाच्या बायका त्यांना भेटल्या की "काय साहेब, प्लग जागेवर आहे ना?" म्हणायच्या. ते हसायचे. त्यांनी गाळ्यात पुन्हा कधी दिव्यांची माळ लावली नाही. मी दर दसऱ्याला ती बिनदिव्यांची चौकट बघायचे आणि मला शरम वाटायची. त्या संध्याकाळी मी दुसरी ओळ फाइलमध्ये लिहिली होती, नियमाप्रमाणे वहीतही नोंदवलं होतं: 'नवीला ओ न देण्याची ओळ फाइलमध्ये घातली.' तोंडाने मात्र कोणालाच काही सांगितलं नाही.

साहेबांनी गाळा विकला, गावाला गेले. मीही निवृत्त झाले. सुलभाताईंचं मंडळ अजून जोरात आहे, बुकिंग वेबसाइटवरच होतं आणि माझ्या घरी दर दिवाळीला चकलीचा डबा येतो. तो उघडला की मला चकलीआधी वहीतली ती ओळ आठवते.

या खंडेनवमीला न राहवून साहेबांना फोन लावला. ते कोयती, विळी, नारळ सोलायचा सुळा मांडून बसले होते, पूजा चालली होती. मी नमनाला घडाभर तेल न घालता सांगून टाकलं. "साहेब, त्या दसऱ्याची चूक तुमची नव्हती. माझी होती. ओळ मी लिहिली नव्हती. तुम्ही उगाच बोलणी खाल्लीत."

पलीकडे घंटा वाजली. पूजा पुरी करूनच बोलले.

"माका त्याच रात्री कळलेला. वहीत तूच लिवलंस मगे, ओळ घातली म्हणान. आज घातली म्हणजे काल नव्हती. इतक्या गणित लेथवाल्याकय येता."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं त्या बायका तुम्हाला..."

"अगो, गिऱ्हाईक दारात उबा रवान बोंब मारता तेव्हा ओ कोणी देवची? थोरल्यान. तूच शिकवलंस ना माका?"

लगेच पुढे म्हणाले, "फोन ठेव आता. कोयत्येक फूल वाहूचा रवला हा."

फोन ठेवला आणि तडक सुलभाताईंना लावला. एवढ्या वर्षांनी, पण ओ दिली एकदाची.